तुरुंगातल्या भुंगेऱ्याने वाचवलेला शास्त्रज्ञ : पिएर लात्रेय आणि क्लेरिडी कुळाची गोष्ट

सुकं खोबरं किंवा सुकी मासळी बरेच दिवस पडून राहिली, की कधीकधी त्यात निळसर चमकणारा एक छोटा भुंगेरा दिसतो. त्याचं शास्त्रीय नाव नेक्रोबिया रुफिपेस. साठवणीच्या मालाची कीड म्हणून तो जगभर बदनाम आहे. पण याच भुंगेऱ्याच्या एका जवळच्या नातेवाइकामुळे फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात एका माणसाचा जीव वाचला. पुढे त्याच माणसाने या भुंगेऱ्यांच्या अख्ख्या कुळाला नाव दिलं. त्यांचं नाव पिएर आन्द्रे लात्रेय.

कीटकांच्या वर्गीकरणाचा पाया घालणाऱ्यांमध्ये लात्रेय यांचं स्थान फार वरचं आहे. ते नेमके कोण होते? भुंगेऱ्याने त्यांना कसं वाचवलं? आणि त्यांनी असं काय केलं, की आजही कोणत्याही कीटकाची ओळख सांगताना त्यांनी रूढ केलेली पद्धत वापरावी लागते? समजून घेऊया.

आईवडिलांनी नाकारलेलं मूल

लात्रेय यांचा जन्म २९ नोव्हेंबर १७६२ रोजी फ्रान्समधल्या ब्रीव्ह या गावी झाला. वडील लष्करातले जनरल आणि सरदार घराण्यातले होते, पण हे मूल विवाहबाह्य संबंधातून झालेलं असल्याने त्यांनी त्याला आपलं म्हणून कधीच मान्यता दिली नाही. आईनेही जन्मतःच त्याला सोडून दिलं. त्या काळच्या समाजात अशा मुलाला ना घराणं होतं, ना वारसा, ना हक्काचं आडनाव. लात्रेय हे नाव म्हणजे मुळात एक टोपणनाव होतं. ते आडनाव म्हणून वापरण्याची कायदेशीर परवानगी त्यांना मिळाली ती १८१३ मध्ये, वयाच्या पन्नाशीत.

नशिबाने गावातल्या काही भल्या माणसांनी मुलाला आधार दिला. आधी एका डॉक्टरांनी, नंतर एका व्यापाऱ्याने आणि पुढे एका सरदार कुटुंबाने त्याच्या शिक्षणाकडे लक्ष दिलं. १७७८ मध्ये त्याला पॅरिसला नेण्यात आलं. घराणं नसलेल्या हुशार मुलाला तेव्हा प्रतिष्ठेचा एक मार्ग खुला होता, तो म्हणजे चर्च. लात्रेय यांनी धर्मशिक्षण घेतलं आणि १७८६ मध्ये ते पूर्ण केलं.

मन मात्र दुसरीकडेच रमलं होतं. पॅरिसमध्ये त्यांना रने जुस्त आवी या अभ्यासकाकडून वनस्पतिशास्त्राचे धडे मिळाले. आवी पुढे स्फटिकांच्या अभ्यासासाठी प्रसिद्ध झाले. त्यांच्यामुळे लात्रेय यांची ओळख लामार्क यांच्याशी झाली. राजाच्या बागेत फिरणं, शहराबाहेर जाऊन कीटक पकडणं, त्यांना टाचण्या लावून ठेवणं हा त्यांचा दिनक्रम बनला. धर्मगुरू म्हणून त्यांनी प्रत्यक्ष काम असं केलंच नाही.

राज्यक्रांती आणि कोठडी

१७८९ मध्ये राज्यक्रांती झाली. पुढच्याच वर्षी नव्या सरकारने कायदा केला, की प्रत्येक धर्मगुरूने राज्यव्यवस्थेशी निष्ठेची शपथ घेतली पाहिजे. लात्रेय यांनी ती घेतली नाही. पुढे दहशतीचं पर्व सुरू झालं आणि शपथ न घेतलेले धर्मगुरू देशद्रोही ठरू लागले. नोव्हेंबर १७९३ मध्ये लात्रेय यांना अटक झाली. तिथून त्यांची रवानगी बोर्दो शहरातल्या तुरुंगात झाली. डोक्यावर मृत्यूची टांगती तलवार होती.

एके दिवशी तुरुंगाचा डॉक्टर कैद्यांना तपासायला आला. त्याला एक कैदी जमिनीवरच्या कुठल्याशा किड्याकडे एकटक बघत बसलेला दिसला. डॉक्टरला नवल वाटलं. लात्रेय यांनी त्याला सांगितलं, की हा भुंगेरा सहसा सापडत नाही. डॉक्टरने तो सोबत नेला आणि बोर्दोमधल्या एका मुलाकडे पोचवला. या मुलाला निसर्गाच्या अभ्यासाचं वेड होतं. त्याचं नाव बोरी द सँ-व्हँसाँ. वय जेमतेम पंधरा-सोळा.

बोरी वयाने लहान असला, तरी त्याचं वाचन चांगलं होतं. लात्रेय यांचं लेखन त्याला ठाऊक होतं. असा अभ्यासक आपल्याच शहरात मरणाची वाट बघत बसला आहे, हे कळताच त्याने ओळखीच्या लोकांमार्फत खटपट केली. अखेर लात्रेय आणि त्यांच्या कोठडीतला आणखी एक कैदी यांची सुटका झाली. मागे राहिलेले कैदी महिन्याभरात मरण पावले, असं लात्रेय यांच्या चरित्रांत सांगितलं जातं.

बोरी पुढे स्वतःही नावाजलेला निसर्गशास्त्रज्ञ झाला. १८२९ मध्ये ग्रीसला गेलेल्या फ्रेंच वैज्ञानिक मोहिमेचं नेतृत्व त्याने केलं.

तो भुंगेरा कोणता होता?

त्या भुंगेऱ्याचं नाव नेक्रोबिया रुफिकोलिस. लांबी साधारण चार ते सहा मिलिमीटर, म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढी. मानेकडचा भाग आणि पंखांची सुरुवात तांबूस, बाकीचे पंख निळे आणि धातूसारखे चमकदार. रुफिकोलिस या लॅटिन शब्दाचा अर्थ तांबड्या मानेचा. नेक्रोबिया हा शब्द ग्रीकमधून आला आहे. त्यात मृत आणि जीवन असे दोन शब्द जोडलेले आहेत. मेलेल्यावर जगणारा, असा त्याचा अर्थ.

हे नाव त्याच्या राहणीवरून पडलं. हा भुंगेरा सुकत आलेल्या मृत प्राण्यांवर, हाडांवर, कातड्यावर आणि खारवलेल्या मांसावर येतो. तिथे तो सुकं मांस तर खातोच, शिवाय तिथे वाढणाऱ्या माश्यांच्या आणि इतर किड्यांच्या अळ्याही फस्त करतो. मेलेले उंदीर आणि हाडं पडलेल्या जागा त्याला मानवतात. त्यामुळे जुन्या तुरुंगाच्या कोठडीत तो दिसला, यात आश्चर्य नाही.

एक गैरसमज इथे दूर करायला हवा. लात्रेय यांनी तुरुंगात नवीनच जातीचा शोध लावला, असं काही ठिकाणी लिहिलेलं असतं. ते खरं नाही. डॅनिश अभ्यासक फाब्रिसियस यांनी १७७५ मध्येच या भुंगेऱ्याची नोंद केली होती. मात्र त्यांनी तो डर्मेस्टिस या प्रजातीत, म्हणजे कातडी कुरतडणाऱ्या भुंगेऱ्यांच्या गटात ठेवला होता. दोघंही सुक्या मांसावर सापडतात, पण त्यांचं नातं जवळचं नाही. उलट नेक्रोबिया हा डर्मेस्टिसच्या अळ्या खातो. शिकारी आणि सावज एकाच खान्यात बसवले गेले होते.

मधली पायरी

असा घोटाळा का व्हायचा, हे समजलं की लात्रेय यांचं काम किती मोठं होतं ते लक्षात येतं. लिनियस यांनी कीटकांची विभागणी मुख्यतः पंखांवरून केली होती. फाब्रिसियस यांनी मुखावयवांना महत्त्व दिलं. दोन्ही पद्धतींत एकाच अवयवावर भर होता. शिवाय लिनियस यांच्या पद्धतीत गण हा मोठा गट आणि त्याखाली थेट प्रजाती अशी रचना होती. पाकिटावर राज्याचं नाव आणि थेट घर क्रमांक लिहिला, गावाचं नावच लिहिलं नाही, तर पोस्टमनचं काय होईल? भुंगेऱ्यांच्या गणाचं नेमकं तेच झालं होतं. या एका गणात आज सुमारे चार लाख जाती नोंदलेल्या आहेत.

सुटकेनंतर १७९६ मध्ये लात्रेय यांनी स्वतःच्या खर्चाने एक पुस्तक छापलं. कीटकांच्या प्रजातींची लक्षणं त्यात नैसर्गिक क्रमाने मांडली होती. गण आणि प्रजाती यांच्यामध्ये कुळ नावाची पायरी त्यांनी या पुस्तकात आणली. तोंड, मिशा, पाय, पंख अशी अनेक लक्षणं एकत्र बघायची आणि ज्यांचं बरंच काही जुळतं त्यांना एका कुळात ठेवायचं, ही त्यांची रीत होती. प्राणिशास्त्रात कुळ हा टप्पा रूढ होण्याची सुरुवात या पुस्तकापासून मानली जाते. सुरुवातीला त्यांतल्या काही कुळांना नावही नव्हतं. १८०२ पासून त्यांच्या मोठ्या ग्रंथमालेत अनेक कुळांना नावं मिळाली. क्लेरिडी हे त्यांपैकीच एक.

ज्याला जन्मतः घराणं नाकारलं गेलं, त्याने हजारो कीटकांना त्यांची घराणी मिळवून दिली. सरकारदरबारी स्वतःचं आडनाव मिळायला तेव्हा आणखी अकरा वर्षं बाकी होती.

क्लेरिडी कुळातले भुंगेरे कसे असतात?

इंग्रजीत या कुळाला चेकर्ड बीटल, म्हणजे चौकड्यांचे भुंगेरे म्हणतात. या कुळात सुमारे साडेतीन हजार जाती आहेत. अनेकांच्या अंगावर लाल, निळे, काळे, पिवळे असे ठळक पट्टे असतात. शरीर लांबट असतं आणि त्यावर ताठ केस असतात. बऱ्याच जातींत मिशांची टोकं गदेसारखी फुगीर असतात. पावलांच्या पेरांखाली मऊ पाळ्या असतात.

यातल्या बहुतेक जाती शिकारी आहेत. युरोपातला थॅनासिमस फॉर्मिकेरियस हा भुंगेरा पाइन आणि स्प्रूसच्या झाडांवर राहतो. ही झाडं पोखरणारे सालीखालचे भुंगेरे आपल्या सोबत्यांना बोलावण्यासाठी हवेत गंध सोडतात. थॅनासिमसला तो गंध ओळखता येतो. त्याचा माग काढत तो झाडावर पोचतो आणि आलेले भुंगेरे पकडून खातो. त्याची मादी सालीच्या फटींत अंडी घालते. बाहेर पडलेल्या अळ्या सालीखालच्या बोगद्यांत शिरून तिथल्या अळ्या खातात. जंगल राखणाऱ्यांसाठी हा भुंगेरा मित्रच ठरतो.

ट्रायकोडिस प्रजातीचे प्रौढ भुंगेरे फुलांवर परागकण खाताना दिसतात, पण त्यांच्या काही जातींच्या अळ्या मधमाश्यांच्या घरट्यांत वाढतात आणि त्यांची पिल्लं खातात.

नेक्रोबियाची तऱ्हा आणखी वेगळी. त्याची अळी कोषात जाण्याआधी तेलकट खाद्यातून बाहेर पडून कोरडी जागा शोधते आणि तोंडातून येणाऱ्या पांढऱ्या पदार्थाने स्वतःभोवती आवरण तयार करते. खोबरं आणि सुक्या मासळीतला नेक्रोबिया रुफिपेस तर इजिप्तमधल्या ममींमध्येही सापडला आहे. मृतदेह सुकायला लागल्यावर हे भुंगेरे येतात, त्यामुळे मृत्यूला किती काळ लोटला याचा अंदाज बांधताना न्यायवैद्यक तज्ज्ञांना त्यांचा उपयोग होतो.

नेक्रोबिया आणि त्याच्या जवळच्या प्रजातींना काही अभ्यासकांनी वेगळं कुळ मानलं. आज बहुतेक वर्गीकरणांत ते क्लेरिडीमधलंच एक उपकुळ मानलं जातं.

संग्रहालयातली वर्षं

सुटका झाली, तरी संकटं संपली नव्हती. १७९७ मध्ये लात्रेय यांना पुन्हा नजरकैदेत ठेवण्यात आलं. या वेळी लामार्क आणि क्युव्हिए यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी वजन वापरून त्यांना सोडवलं. १७९८ मध्ये पॅरिसच्या राष्ट्रीय निसर्ग संग्रहालयात त्यांना काम मिळालं. कीटकांचा संग्रह लावण्याचं हे काम त्यांनी आयुष्यभर केलं.

या काळात त्यांनी प्रचंड लिहिलं. १८०२ ते १८०५ या काळात कीटक आणि कवचधारी प्राण्यांवरची चौदा खंडांची ग्रंथमाला आली. १८१० च्या पुस्तकात त्यांनी प्रत्येक प्रजातीसाठी एक नमुना जाती ठरवून दिली. प्रजातीचं नाव कोणत्या जातीला धरून आहे, याबद्दल वाद झाला तर निवाडा कसा करायचा, याचा मार्ग त्यातून तयार झाला. आजचे नामकरणाचे नियमही नमुना जातीच्या तत्त्वावर चालतात. क्युव्हिए यांच्या प्राणिसृष्टीवरच्या प्रसिद्ध ग्रंथातला कीटकांचा भागही लात्रेय यांचाच. १८१४ मध्ये ते फ्रान्सच्या विज्ञान अकादमीचे सदस्य झाले.

पद मात्र उशिरा मिळालं. लामार्क यांची दृष्टी गेल्यावर त्यांची व्याख्यानं बरीच वर्षं लात्रेय देत होते. १८२९ मध्ये लामार्क यांच्या मृत्यूनंतर कीटकशास्त्राचं प्राध्यापकपद त्यांच्याकडे आलं. तेव्हा त्यांचं वय ६७ होतं. १८३२ मध्ये फ्रान्सची कीटकशास्त्र संस्था स्थापन झाली आणि तिचं मानद अध्यक्षपद त्यांना देण्यात आलं. त्याच वर्षी पॅरिसमध्ये कॉलराची साथ पसरल्याने ते शहर सोडून गेले.  हिवाळ्याच्या तोंडावर ते परतले आणि ६ फेब्रुवारी १८३३ रोजी त्यांनी पॅरिसमध्ये अखेरचा श्वास घेतला.

पॅरिसच्या पेर लाशेझ दफनभूमीत त्यांची समाधी आहे. तिच्यावर नेक्रोबिया रुफिकोलिसची आकृती कोरलेली आहे.

शास्त्रीय नियमांनुसार कुळाच्या नावापुढे ते देणाऱ्याचं नाव आणि वर्ष लिहितात. त्यामुळे भुंगेऱ्यांच्या या कुळाची नोंद जगभरच्या यादीत आजही एकाच पद्धतीने होते : क्लेरिडी, लात्रेय, १८०२.