धनंजयराव गाडगीळ

बाजारातील भाव कोण ठरवितो? माल पिकविणारा शेतकरी, तो विकणारा दलाल, की विकत घेणारे गिऱ्हाईक? या प्रश्नाचे उत्तर केवळ ग्रंथांत न शोधता प्रत्यक्ष बाजारात जाऊन शोधणारे अर्थशास्त्रज्ञ म्हणजे धनंजय रामचंद्र गाडगीळ.

त्यांचा जन्म १० एप्रिल १९०१ रोजी झाला. केंब्रिज येथे त्यांनी हिंदुस्थानातील उद्योगधंद्यांच्या स्थित्यंतरांचा अभ्यास केला. तो १९२४ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. १९३० मध्ये रावबहादुर काळे यांच्या देणगीतून पुण्यास गोखले अर्थशास्त्र संस्था निघाली. तिची धुरा धनंजयरावांनी १९६६ पर्यंत वाहिली.

संस्थेने प्रथम पुण्याच्या फळबाजाराची पाहणी केली. बागेतील फळ गिऱ्हाइकाच्या हाती पडेपर्यंत किती हातांतून जाते व वाटेत त्यावर किती खर्च चढतो, हे तपासून १९३३ मध्ये वृत्तांत प्रसिद्ध झाला. पुढे सहा जिल्ह्यांतील मोटारबस-वाहतुकीची पाहणी झाली. अनेक लहान मालक एकाच रस्त्यावर उतारूंसाठी झटू लागले, की भाडे उतरते. परंतु ते खर्चाच्याही खाली गेले, तर मालक बुडतो, गाडी मोडकळीस येते आणि अखेर उतारूचीच गैरसोय होते. स्पर्धा हितकर केव्हा व घातक केव्हा, हे अशा पाहणीवाचून कळत नाही.

उसाची गोष्ट याहून निराळी. तोडलेला ऊस फार दिवस टिकत नाही. जवळपास एकच कारखाना असला, तर तो देईल तो भाव शेतकऱ्यास पत्करावा लागतो. यावर उपाय एकच : कारखानाच शेतकऱ्यांच्या मालकीचा असावा. अहमदनगर जिल्ह्यातील लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील यांनी हे कार्य अंगावर घेतले, तेव्हा धनंजयराव त्यांच्या पाठीशी उभे राहिले आणि कारखान्याचे अध्यक्ष झाले. शेतकऱ्यांनी घामाचा पैसा भागभांडवलात घातला होता. कारखाना बुडता, तर सहकारावरील त्यांचा विश्वासही बुडता. परंतु १९५०-५१ च्या हंगामात प्रवरानगरास साखर तयार झाली आणि पुढे महाराष्ट्रात अनेक ठिकाणी तिचे अनुकरण झाले.

१९६७ मध्ये ते नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष झाले. ते पद सोडून दिल्लीहून पुण्यास परतत असता, ३ मे १९७१ रोजी प्रवासातच त्यांचे निधन झाले. बाजारात एकट्या दुबळ्याचा निभाव लागत नाही, हे त्यांनी अभ्यासाने जाणले. आणि एकत्र आलेले दुबळे दुबळे राहत नाहीत, हे प्रत्यक्ष कृतीने दाखविले.