आजचं चिंतन – गीता, अध्याय २, श्लोक ६९ : गोदूताईंची जाग



आजचा श्लोक दुसऱ्या अध्यायातला ६९ वा. स्थितप्रज्ञाची लक्षणं सांगता सांगता भगवंत इथे रात्र आणि दिवस उलटे करून ठेवतात. सगळ्या जीवांची जी रात्र, तिच्यात संयमी माणूस जागा असतो. आणि सगळे जिथे टक्क जागे असतात ती त्याच्या लेखी रात्र. हा अर्थ आत्मज्ञानाचा आहे, त्यात मला काही फिरवाफिरव करायची नाही. ज्ञानेश्वरी उघडून त्याच्यावरच्या ओव्या आज सावकाश वाचा, तेवढं पुरे.

पण जागं असण्याचा विषय निघाला की मला एका पुस्तकाचं नाव हटकून आठवतं : 'जेव्हा माणूस जागा होतो'. लेखिका गोदावरी परुळेकर. आपण अधूनमधून एखादा दिवस चरित्रासाठी ठेवतो. चोखोबा झाले, सावता महाराज झाले, गाडगेबाबा झाले. आज गोदूताई. काही जणांच्या कपाळावर आठी येईल हे मला माहीत आहे. बाई कम्युनिस्ट होत्या, लाल बावट्याच्या होत्या, आणि देवधर्म हा त्यांच्या कामाचा आधार कधीच नव्हता. तरीही लिहितोय. का, ते पुढे येईलच.

जन्म १४ ऑगस्ट १९०७, पुणे. माहेरचं नाव गोदावरी गोखले. वडील नावाजलेले वकील, गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या नात्यातले. घरात पैसा, पुस्तकं, प्रतिष्ठा सगळं. फर्ग्युसनमध्ये शिक्षण, मग कायद्याची पदवी. महाराष्ट्रात कायद्याची पदवी घेणाऱ्या त्या पहिल्या बाई. म्हणजे आजच्या भाषेत 'सेट' होण्यासाठी लागतं ते सगळं पंचविशीच्या आत हातात होतं. आपल्याकडे इंजिनिअरिंगची डिग्री आणि आयटीतली नोकरी मिळाली की घरचे कसे सुटकेचा श्वास सोडतात, तसाच तो काळ धरा. पण १९३२ साली स्वातंत्र्यलढ्यात त्या तुरुंगात गेल्या. वडिलांना ते मानवलं नाही. पुढे त्या मुंबईला आल्या आणि सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटीच्या पहिल्या महिला आजीव सदस्य झाल्या. मुंबईत प्रौढ साक्षरतेची मोहीम चालवली, घरकाम करणाऱ्या बायकांची संघटना बांधली. घरकामवाल्या बायकांची संघटना, १९३८ साली! आज आपल्या सोसायटीत तो विषय काढून बघा.

तिथेच शामराव परुळेकर भेटले. तेही सोसायटीचे सदस्य. १९३९ च्या मे महिन्यात लग्न झालं, त्याच सुमाराला दोघंही सोसायटीतून बाहेर पडून कम्युनिस्ट पक्षात गेले. महायुद्ध सुरू होताच पुन्हा तुरुंग, १९४० ते ४२. हा भाग मी भरभर सांगतोय, कारण मला जिथे थांबायचं आहे ते ठिकाण पुढे आहे, आणि ते आपल्याच रेल्वे लाइनवर आहे.

टिटवाळा. कसाऱ्याहून लोकलनं निघालात की वासिंद, खडवली आणि मग टिटवाळा. आपण तिथे महागणपतीला जातो, अंगारकीला तर पाय ठेवायला जागा नसते. जानेवारी १९४५ मध्ये त्याच टिटवाळ्याला किसान सभेची महाराष्ट्रातली परिषद भरली. ठाणे जिल्हा तेव्हा केवढा मोठा होता बघा, पार उंबरगाव तालुका त्यात होता. तो आता गुजरातेत गेला, आणि डहाणू, तलासरी २०१४ पासून पालघर जिल्ह्यात. त्या उंबरगावकडचे मूठभर वारली या परिषदेला आले होते. आपल्यासारखीच माणसं इतर तालुक्यांतून आली आहेत आणि मोठ्यानं बोलताहेत, हे त्यांनी बघितलं. परत गेले ते हीच बातमी घेऊन.

त्यांच्याकडे काय चाललं होतं ते नीट समजून घ्यायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. वेठ हा शब्द आपण आज 'वेठीला धरणं' एवढ्यापुरता वापरतो. तिथे तो रोजचा होता. जमीनदाराचा माणूस पाड्यावर येऊन हाक मारी, की स्वतःच्या शेतातलं काम टाकून त्याच्या शेतावर जायचं, मजुरीबिजुरी काही नाही. पावसाळ्यात घरातलं धान्य संपलं की त्याच्याकडून खावटी घ्यायची आणि पीक आलं की दीडपट-दुप्पट फेडायची. आणि सगळ्यात वाईट म्हणजे लग्नगडी. लग्नासाठी कर्ज काढलं की तो तरुण आणि त्याची बायको त्या सावकाराचे गडी, जन्मभरासाठी. कर्ज कधी फिटत नसे, कारण वही सावकाराची आणि अक्षरओळखही त्याचीच. लग्न हा आपल्याकडे एक संस्कार. त्या संस्काराच्या मुहूर्तावर माणूस गुलाम होत होता. नामस्मरण करणाऱ्या माणसाला हे वाचून झोप कशी लागावी, मला खरंच कळत नाही.

बाई तिकडे गेल्या त्या पायी, पाड्यापाड्यानं. झोपड्यांत राहिल्या, समोर आलं ते खाल्लं. पांढऱ्या कपड्यातलं माणूस म्हणजे सावकार नाहीतर सरकार, एवढीच लोकांना ओळख. त्यामुळे आधी सगळे घाबरून लांब राहायचे. पुस्तकात ही भीती फार बारकाईनं आली आहे. मला त्यातलं सगळ्यात पटलेलं हे, की बाई ज्ञान द्यायला बसल्या नाहीत. लोकांना आपल्यावर अन्याय होतोय हे ठाऊकच होतं, ते सांगायला पुण्याच्या वकीलबाईंची गरज नव्हती. नाही म्हटलं तर काय होईल, याची भीती होती. ती एकट्याच्यानं जात नव्हती.

२३ मे १९४५ ला तलासरीजवळ झरी गावात परिषद झाली. सुमारे पाच हजार वारली जमले. ठरलेल्या गोष्टी किती साध्या, बघा. जमीनदाराच्या शेतावर रोख बारा आणे रोज मिळाल्याशिवाय काम करायचं नाही. वेठ करायची नाही. मारायला आला तर सगळ्यांनी मिळून त्याला अडवायचं. आणि एकी ठेवायची. यात जमीनदाराचं घर जाळा नाही, त्याची जमीन काढून घ्या नाही. फक्त 'नाही' म्हणायचं. त्यानंतर पाड्यापाड्यावरचे लोक घोळक्यानं सावकारांच्या दारात जाऊन लग्नगड्यांना सोडवून आणू लागले. पिढ्यान्‌पिढ्याची वेठ काही आठवड्यांत मोडली.

कसाऱ्यात राहणाऱ्याला मी ही गोष्ट एका झटक्यात समजावू शकतो. आपल्याकडे घाट चढायच्या आधी गाडीला मागून बँकर इंजिनं लावतात. गाडी चालते ती स्वतःच्या इंजिनानं आणि स्वतःच्या रुळावर, बँकर मागून रेटा देतात आणि इगतपुरीला सुटे होतात. गाडीतल्या बहुतेकांना ते लागले कधी आणि सुटले कधी याचा पत्ताही नसतो. गोदूताईंचं झरीतलं काम मला तसं वाटतं. (माझ्या बायकोला ही उपमा पटलेली नाही. ती म्हणते, बँकरचा ड्रायव्हर पगार घेतो. बरोबर आहे.)

त्या पावसाळ्यानंतर गवतकापणीचा हंगाम आला. डहाणू-उंबरगावचं गवत तेव्हा मुंबईच्या तबेल्यांना जायचं. ५०० पौंड गवत कापायला अडीच रुपये मिळावेत म्हणून कापणी थांबवली गेली. आणि १० ऑक्टोबर १९४५ ला तलवाड्याला जे झालं ते झालं. बाई येणार आहेत, जमा, असा खोटा निरोप पाड्यांवर फिरवला गेला. हजारो लोक येऊन लाल बावट्याभोवती बसले. बाई तिथे नव्हत्याच. पोलिसांनी गोळीबार केला, थांबला, पुन्हा केला. रात्र उलटून दुसरा दिवस उजाडला तरी लोक पांगले नाहीत. पाच जण गेले. त्यांच्यातले जेठ्या गांगड हे नाव तरी लक्षात ठेवा. तिकडे आजही १० ऑक्टोबर हुतात्मा दिन म्हणून पाळतात. आपल्या शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात मला तो कधी दिसला नाही.

इथे मी अडखळतो, ते लपवत नाही. जमाव, बावटा, गोळीबार हे शब्द आले की मला भीती वाटते. माझा पिंड वारीचा, दिंडीत टाळ धरून चालणाऱ्याचा. बाईंच्या पक्षाची प्रत्येक भूमिका मला मान्य आहे असंही नाही. पण तलवाड्याची ती रात्र मी आजच्या श्लोकाशेजारी ठेवून बघतो. हजारो अशिक्षित माणसं, अंगावर लंगोटी, समोर बंदुका, आणि ती तशीच बसून राहिली. शांतता म्हणतात ती हीच असावी. सावकाराच्या अंगणात आदल्या वर्षापर्यंत जी होती, ती शांतता नव्हती. ती रात्र होती.

पुढे काय? गोदूताईंना जिल्ह्याबाहेर काढण्यात आलं, पुन्हा पुन्हा तुरुंगात टाकण्यात आलं. त्यांच्या दुसऱ्या पुस्तकाचं नावच 'बंदिवासाची आठ वर्षे' आहे. १९६५ च्या ऑगस्टमध्ये शामराव तुरुंगातच वारले; तेव्हा बाईही बंदिवासात होत्या. 'जेव्हा माणूस जागा होतो' १९७० मध्ये आलं, १९७२ ला त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. १९८६ मध्ये त्या अखिल भारतीय किसान सभेच्या अध्यक्ष झाल्या, त्या पदावरच्या पहिल्या बाई. ८ ऑक्टोबर १९९६ ला गेल्या. तलवाड्याच्या तारखेच्या दोन दिवस आधी.

त्याच किसान सभेचा लाँग मार्च मार्च २०१८ मध्ये नाशिकहून निघून आपल्या कसारा घाटातून खाली उतरला. तुमच्यापैकी कित्येकांनी तो बघितला असेल. शेवटच्या रात्री मुंबईत पोचल्यावर त्या लोकांनी विश्रांती सोडली आणि रात्रीच चालत आझाद मैदान गाठलं. सकाळी रस्ते अडले असते तर दहावीच्या मुलांचा पेपर चुकला असता. पायाचे फोड घेऊन, दुसऱ्यांची मुलं झोपलेली असताना, त्यांच्यासाठी जागं राहणं! ६९ व्या श्लोकावर मी बरीच भाष्यं वाचली, त्यात हे उदाहरण कुणी दिलेलं नाही, म्हणून मी देतो.

गेल्या आठवड्यात एका वाचक काकांनी विचारलं होतं, की गीतेचं वाचन चालू असताना मी रविवारी वनहक्काच्या कामाला का जातो, हे राजकारण नाही का. उत्तर द्यायचं राहिलं होतं. काका, आपल्या तालुक्यात तानसा, भातसा, वैतरणा आहेत. त्यांचं पाणी मुंबईत नळाला येतं, आणि धरणांच्या वरच्या पाड्यांवर उन्हाळ्यात बायका हंडा घेऊन डोंगर उतरतात. ज्या जमिनी ठाकूर, कातकरी, कोळी कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या कसत आली, त्यांच्यावर हक्क सांगायचा कायदा २००६ साली झाला. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासूनचा कब्जा आणि जास्तीत जास्त चार हेक्टर. दावा ग्रामसभेतून जातो. कागद नसेल तर गावातल्या वडीलधाऱ्या माणसाचा जबाबसुद्धा पुरावा म्हणून चालतो. हे कायद्यातच आहे, पण ते कुणी सांगत नाही, आणि एक कागद कमी म्हणून दावा परत येतो. मी तिथे फार काही करत नाही. जबाब लिहून घेतो, जीपीएसची मोजणी नकाशाशी जुळते का बघतो, कुणाचा दावा कुठे अडकलाय त्याचा तक्ता ठेवतो. ऑफिसमध्ये बग ट्रॅक करतो तसंच. बोलायचं काम पाड्यावरच्या बायका करतात, आणि फार चांगलं करतात.

परवा एका आजींचा जबाब घेत होतो. त्यांच्या लहानपणी शेताच्या बांधावर कोणतं झाड होतं, हे त्यांनी मला अर्धा तास सांगितलं. झाड आता नाही, पण बुंधा आहे. तो फोटोसकट दाव्याला जोडला.

येत्या रविवारी तीन पाड्यांचे जबाब बाकी आहेत आणि लिहिणारे आम्ही दोघंच आहोत. अक्षर बरं असलं आणि ऐकायची तयारी असली की पुरे, कोणत्याही पक्षाचं असायची गरज नाही. सकाळी साडेआठला कसारा स्टेशनबाहेर भेटू. पाण्याची बाटली आणि निळं पेन आणा, चढ आहे.

उद्या श्लोक ७०, समुद्राचा.

जय हरी.