मंगळ वक्री का होतो? कोपर्निकसची गोष्ट

१९ फेब्रुवारी म्हटलं की आपल्याला शिवजयंती आठवते. याच तारखेला, १४७३ साली, पोलंडमधल्या टोरुन या व्यापारी शहरात निकोलस कोपर्निकसचा जन्म झाला. तो दहा वर्षांचा असताना वडील वारले आणि मामाने त्याला सांभाळलं. हे मामा पुढे वार्मियाचे बिशप झाले. भाच्याने चर्चच्या सेवेत यावं अशी त्यांची इच्छा. क्राकाव, बोलोन्या, पादुआ असं शिकत शिकत त्याने १५०३ मध्ये फेरारा इथे चर्चच्या कायद्यातली डॉक्टरेट घेतली. वैद्यकही शिकला. पण जीव जडला तो आकाशावर.

फ्रॉम्बोर्कच्या कॅथेड्रलमध्ये तो कॅनन होता. कामं कसली, तर जमिनींचा कारभार, आजाऱ्यांना औषधं, नाण्यांच्या घसरत्या किमतीवर लिखाण. दुर्बीण तर अजून जन्माला यायची होती. साधी उपकरणं आणि डोळे, एवढ्यावरच निरीक्षण चालायचं.

मोठं कोडं होतं ग्रहांच्या उलट्या चालीचं. मंगळ ताऱ्यांमधून पुढे सरकतो आणि दर दोनेक वर्षांनी काही आठवडे मागे फिरतो. आपल्याकडे यालाच वक्री होणं म्हणतात. टॉलेमीने पृथ्वी स्थिर धरून यासाठी वर्तुळावर वर्तुळ बसवलं होतं. गणित बरंचसं जमायचं, पण प्रत्येक ग्रहाची सोय वेगळी.

कोपर्निकसने विचार केला, बघणाराच हलत असेल तर? पणजीहून बेतीला जाताना फेरीबोट सुटली की क्षणभर धक्काच मागे सरकल्यासारखा वाटतो, तसंच. (पृथ्वी स्वतःभोवती फिरते हे सांगायला आपल्या आर्यभटानेही हजार वर्षं आधी नावेचाच दाखला दिला होता.) हायवेवर आपली बस दुसऱ्या बसला ओव्हरटेक करते, तेव्हा लांबच्या डोंगरांपुढे ती मागे जाताना दिसते. खरं तर तीही पुढेच जात असते. पृथ्वीची सूर्याभोवती फेरी ३६५ दिवसांची, मंगळाची ६८७ दिवसांची. आपण त्याला मागे टाकतो, म्हणून तो वक्री दिसतो.

कुणी म्हणेल, गती सापेक्षच आहे, मग सूर्य स्थिर धरा नाहीतर पृथ्वी, फरक काय? ग्रह कुठे दिसेल हे दोन्हीकडून सांगता येतं, हे खरं. पण सूर्य मध्ये ठेवला की सगळ्या ग्रहांचं वक्रीपण एकाच कारणाने सुटतं, आणि कुठला ग्रह किती लांब त्याचं प्रमाणही मिळतं. अडचण एकच. पृथ्वी हलते तर वर्षभरात तारेही किंचित सरकलेले दिसायला हवेत, आणि ते दिसत नव्हते. तारे फारच लांब आहेत, हे त्याचं उत्तर. ते बरोबर होतं, पण ते सरकणं मोजायला १८३८ साल उजाडावं लागलं. वर्तुळांचा हट्ट मात्र त्यानेही सोडला नाही, त्यामुळे लहान वर्तुळं त्याच्याही गणितात राहिलीच.

१५१४ च्या सुमारास त्याने एक छोटं टिपण मोजक्या लोकांना दिलं. पुस्तक छापायला मात्र तो वर्षानुवर्षं कचरत राहिला. लोक हसतील ही धास्ती. एका कार्डिनलने पत्र लिहून आग्रह केला, मित्र असलेले बिशप गीझे मागे लागले. शेवटी १५३९ मध्ये रेटिकस हा २५ वर्षांचा लुथरन गणितज्ञ दारात आला. दोन पंथांत एवढं वैर असताना या कॅथलिक कॅननने त्याला शिष्य म्हणून ठेवून घेतलं. १५४३ मध्ये पुस्तक न्यूरेंबर्गला छापलं गेलं, पोप तिसरे पॉल यांना अर्पण करून. पण छपाई बघणाऱ्या ओसिअँडरने स्वतःचं नाव न घालता प्रस्तावना जोडली. त्यात म्हटलं होतं की ही फक्त हिशेबाची सोय आहे, खरं मानायची गरज नाही. कोपर्निकसला तर पृथ्वी खरोखर फिरते असंच म्हणायचं होतं! २४ मे १५४३ रोजी तो वारला.

आम्हा कॅथलिकांना सांगताना अवघड वाटतं, तरी सांगायलाच हवं. १६१६ मध्ये चर्चने दुरुस्तीपर्यंत हे पुस्तक रोखलं आणि बंदीच्या यादीतून ते १८३५ मध्येच वगळलं गेलं. २००५ मध्ये फ्रॉम्बोर्कच्या कॅथेड्रलखाली त्याचे अवशेष सापडले. २०१० मध्ये तिथेच सन्मानाने पुन्हा दफन झालं. कबरीवरच्या काळ्या दगडावर मधोमध सोनेरी सूर्य आहे आणि त्याच्याभोवती सहा ग्रह.