बेंजामिन फ्रँकलिनची शेगडी आणि आमच्या घरातला धूर

बेंजामिन फ्रँकलिन म्हटलं की आपल्याला पतंग आणि वीज आठवते. मला मात्र आता आमची चूल आठवते.

आमचं गाव बीड जिल्ह्यात, धारूरच्या डोंगरपट्ट्यात. घरात गॅस आहे, पण भाकरी चुलीवरच. जळण म्हणजे पऱ्हाट्या, तुराट्या, बाभळीची लाकडं. मागच्या हिवाळ्यात मी चुलीच्या पोटात बसेल अशी लोखंडी पेटी वेल्डिंगवाल्याकडून करून घेतली. धुराची वाट मागून खाली वळवून न्हाणीच्या हंड्याखालून फिरवली आणि मग पाईपला जोडली. एका जाळात दोन कामं! पण पहाटे पेटवली की सगळा धूर घरात. आई खोकून बेजार झाली आणि अंगणात तीन दगड मांडून स्वयंपाक करू लागली. चूक शोधता शोधता मी फ्रँकलिनपर्यंत पोचलो.

छापखान्यातला पोरगा

त्याचा जन्म १७०६ चा, बोस्टनचा. वडील मेणबत्त्या आणि साबण बनवायचे. सतरा भावंडांत हा पंधरावा. दहाव्या वर्षी शाळा सुटली, बाराव्या वर्षी थोरल्या भावाच्या छापखान्यात उमेदवारी सुरू झाली. भावाशी पटेना, म्हणून १७२३ मध्ये पळून फिलाडेल्फियाला गेला. तिथं स्वतःचा छापखाना काढला, १७३२ पासून पंचांग छापलं आणि नाव कमावलं.

१७३६ मध्ये त्याचा चार वर्षांचा मुलगा देवीच्या रोगानं गेला. मुलाला आधी टोचून घेतलं नाही याची खंत त्यानं आत्मचरित्रात उघड लिहिली, इतर आईबापांनी तरी धडा घ्यावा म्हणून.

भिंतीतल्या चुलाण्यात लोखंडी पेटी

त्या काळी तिकडची घरं भिंतीतल्या उघड्या चुलाण्यानं गरम व्हायची. बरीचशी ऊब धुराड्यातून वर जायची, आणि शहराजवळचं जळणही संपत चाललं होतं. १७४२ च्या सुमारास फ्रँकलिननं चुलाण्यात बसणारी बिडाची शेगडी काढली. आत एक पोकळ हवापेटी. गरम धूर तिच्यावरून जायचा, मागून खाली उतरायचा आणि मग धुराड्यात शिरायचा. पेटीतली हवा तापून खोलीत यायची. १७४४ मध्ये त्यानं यावर पुस्तिका छापली. गव्हर्नरनं पेटंट देऊ केलं, त्यानं नाकारलं. दुसऱ्यांच्या शोधांचा फायदा आपण घेतो, तर आपलाही शोध फुकट द्यावा, हा त्याचा विचार. पुढे लंडनच्या एका लोखंड व्यापाऱ्यानं त्यात थोडा फेरफार करून पेटंट घेतलं आणि पैसा केला. फ्रँकलिन भांडत बसला नाही.

पण शेगडीत खोट होती. गरम धूर हलका असतो, तो वर जातो. त्याला खाली उतरवायचं तर पुढचं धुराडं आधीच तापलेलं हवं. ते गार असलं की ओढ तुटते आणि धूर माघारी येतो. पुढे डेव्हिड रिटनहाउसनं धुराची वाट सरळ केली, तेव्हा कुठे ही शेगडी नीट चालली.

म्हणजे माझी चूक पावणेतीनशे वर्षं जुनी निघाली!

मग मी काय बदललं

- खाली वळवलेली वाट बंद करून पेटीतून पाईप सरळ वर नेला.
- पेटी आणि मातीची भिंत यांच्यातल्या फटीत चाळलेली कोरडी राख सैल भरली. ठासायची नाही, कारण राखेत अडकलेली हवाच उष्णता रोखते. नुसती माती उष्णता पिऊन घेते.
- पाईपावर मोठा पाईप चढवून मधेही राख भरली. पाईप गरम राहिला की ओढ टिकते.
- छताच्या लाकडापासून पाईप लांब ठेवला, नाहीतर आगीची भीती.
- पहाटे आधी मूठभर वाळलेलं पाचट पेटवून पाईप तापवायचा, मग लाकडं लावायची.

हंड्याखालचा जाळ गेला, धूरही अगदी शून्य झालेला नाही. पण आई पुन्हा घरात भाकरी थापते.

फ्रँकलिन पुढे विजेकडे वळला. १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर त्याची सही आहे. १७९० मध्ये, ८४ व्या वर्षी तो गेला. त्याची पहिली शेगडी नीट चालली नाही, पण नकाशा सगळ्यांसाठी खुला होता, म्हणून दुसऱ्याला ती सुधारता आली. माझाही नकाशा तसाच खुला आहे. उचला, आणि चुकलं असेल तिथं सुधारा.