लोकनायक अणे आणि ब्रह्मदेशचे निर्वासित

बाभुळगाव (जि. यवतमाळ) : बेंबळा नदीवर धरण झाले आणि बाभुळगाव तालुक्यातील अनेक कुटुंबांना पिढ्यान्‌पिढ्यांचे गावठाण सोडावे लागले. घर उठले की शेती, रोजगार, शाळा, शेजार आणि गावातील पत यांची घडीही विस्कटते, हे या परिसराला नव्याने सांगण्याची गरज नाही. याच यवतमाळ जिल्ह्याच्या एका सुपुत्रावर ऐन महायुद्धात लाखो बेघर माणसांची जबाबदारी येऊन पडली होती. ते होते लोकनायक माधव श्रीहरी तथा बापूजी अणे. टिळकभक्त, जंगल सत्याग्रहाचे नेते आणि संस्कृत पंडित म्हणून अणे परिचित आहेत. मात्र त्यांच्या आयुष्यातील निर्वासितांचे प्रकरण फारसे सांगितले जात नाही.

वणी ते दिल्ली

अणे यांचा जन्म २९ ऑगस्ट १८८० रोजी वणी येथे झाला. नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिक्षण घेतल्यानंतर त्यांनी काही काळ अमरावतीत शिक्षकी केली व पुढे यवतमाळला वकिली सुरू केली. लोकमान्य टिळकांच्या प्रभावाने ते राजकारणात ओढले गेले. १९२८ च्या नेहरू समितीचे ते सदस्य होते. जुलै १९३० मध्ये पुसदजवळच्या राखीव जंगलात गवत कापून त्यांनी कायदेभंग केला आणि कारावास पत्करला. १९३३ मध्ये ते काँग्रेसचे हंगामी अध्यक्ष होते. जातीय निवाड्याच्या प्रश्नावर मात्र मतभेद झाले आणि १९३४ मध्ये पंडित मदनमोहन मालवीय यांच्यासमवेत त्यांनी काँग्रेस नॅशनॅलिस्ट पक्ष उभा केला.

१९४१ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचा विस्तार झाला. त्यात अणे यांनी परदेशस्थ हिंदी लोकांचे खाते स्वीकारले. जन्मभर सरकारशी लढलेला माणूस सरकारात गेला, म्हणून अनेक जुने सहकारी नाराज झाले. तोवर दुय्यम मानले जाणारे हे खाते काही महिन्यांतच संकटाच्या केंद्रस्थानी आले.

रंगून रिकामे झाले

१९३१ च्या जनगणनेनुसार ब्रह्मदेशात दहा लाखांहून अधिक हिंदी लोक राहत होते. रंगूनच्या लोकसंख्येत तर त्यांचे प्रमाण निम्म्याहून अधिक होते. गोदीतील हमाल, गिरणी कामगार, कारकून, व्यापारी, सावकार असे सर्व थर त्यांत होते. २३ डिसेंबर १९४१ रोजी जपानी विमानांनी रंगूनवर बॉम्बफेक केली आणि शहर सोडून जाणाऱ्यांची रीघ लागली. ८ मार्च १९४२ रोजी रंगून पडले. जहाजांत जागा मिळाली ते भाग्यवान ठरले. उरलेल्यांनी पायवाटा धरल्या. कोणी आराकानमार्गे चितगावकडे, कोणी तामू-पालेलमार्गे मणिपुरात, तर कोणी हुकाँग खोऱ्यातून आसामातील लेडोकडे निघाले. सुमारे चार ते पाच लाख माणसे भारतात पोहोचली. पटकी, हिवताप, अतिसार आणि उपासमारीने वाटेत हजारोंचे बळी घेतले. मृतांचा नेमका आकडा आजही निश्चित नाही.

या प्रवासातही वर्णभेद सुटला नव्हता. सोयीची वाट गोऱ्यांसाठी व अँग्लो-इंडियनांसाठी राखून सामान्य हिंदी माणसांना खडतर वाटेने पाठविले जाते, अशी तक्रार देशभर गाजली. महात्मा गांधींनी तिची दखल घेतली आणि काँग्रेसनेही ठरावाद्वारे निषेध नोंदविला. उत्तरदायी खाते अणे यांचे होते. त्यांच्या हाती अधिकार मात्र तुटपुंजे होते. १९३७ मध्येच ब्रह्मदेश भारतापासून वेगळा झालेला. तेथील वाटांवर त्या सरकारचे आणि लष्कराचे नियंत्रण. सीमेवरच्या छावण्यांसाठी चहामळेवाल्यांच्या संघटनेची माणसे व रसद वापरावी लागली, तर पुढे कोलकात्यात सेवाभावी संस्थांनी भार उचलला.

परतलेल्यांना सरकारी कागदांत निर्वासित न म्हणता स्थलांतरित म्हटले गेले. लढाई संपली की ते परत जातील, हा त्यामागचा हिशेब. त्यामुळे मदतीचा विचार तात्पुरत्या शिधा-भत्त्यापुरता राहिला; रोजगार आणि कायमची वस्ती यांचा विचार मागे पडला. ब्रह्मदेशात राहिलेल्या घरादाराच्या भरपाईचा प्रश्नही कित्येकांसाठी कधीच सुटला नाही.

चिमूर आणि राजीनामा

ऑगस्ट १९४२ च्या आंदोलनानंतरही अणे पदावर राहिले, आणि येथे त्यांच्या चरित्रातील सर्वांत अवघड पान उलगडते. चिमूर येथील अत्याचारांच्या चौकशीसाठी प्रा. भन्साळी यांनी नोव्हेंबर १९४२ मध्ये दिल्लीत अणे यांच्या निवासस्थानी उपोषण आरंभिले. विदर्भातील सदस्याने चिमूरला जावे, ही त्यांची मागणी होती. अणे गेले नाहीत. पुढे फेब्रुवारी १९४३ मध्ये गांधीजींच्या एकवीस दिवसांच्या उपोषणाच्या वेळी सरकारने सुटकेस नकार दिला, तेव्हा अणे यांनी सर होमी मोदी व नलिनीरंजन सरकार यांच्यासह राजीनामा दिला.

त्यानंतर १९४३ ते १९४७ या काळात ते सिलोनमध्ये भारताचे प्रतिनिधी होते. तेथे लाखो तमिळ मळेकामगारांच्या नागरिकत्वाचा प्रश्न धुमसत होता. अणे परतल्यानंतर, १९४८ च्या सिलोनी कायद्याने त्यांतील बहुसंख्य लोक कोणत्याच देशाचे नागरिक उरले नाहीत. १९६४ च्या शास्त्री-सिरिमावो कराराने सव्वापाच लाख लोकांना स्वीकारण्याचे भारताने मान्य केले.

नियोजनात स्थान

१९४८ ते १९५२ या काळात अणे बिहारचे राज्यपाल होते. तोवर फाळणीने देशाचा दृष्टिकोन बदलला होता. पहिल्या पंचवार्षिक योजनेत विस्थापितांच्या पुनर्वसनासाठी ८५ कोटी रुपयांची तरतूद झाली. १९४२ मध्ये ज्यांचा विचार शिध्यापुरता झाला, त्यांच्यासारख्यांना दहा वर्षांत राष्ट्रीय नियोजनात जागा मिळाली.

जागतिक पातळीवर हा प्रवास अधिक संथ राहिला. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये स्वीकारलेल्या शाश्वत विकासाच्या १७ उद्दिष्टांत निर्वासितांसाठी स्वतंत्र निर्देशक नव्हता. तो २०२० मध्ये जोडला गेला. दरम्यान, २०१८ च्या जागतिक निर्वासित कराराने निर्वासितांना यजमान देशांच्या शिक्षण, आरोग्य व रोजगार व्यवस्थेत सामावून घेण्यावर भर दिला. २०२४ अखेर जगात बळजबरीने विस्थापित झालेल्यांची संख्या १२ कोटींवर पोहोचली होती. १९५१ च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारावर भारताची स्वाक्षरी नाही.

२६ जानेवारी १९६८ रोजी अणे यांचे निधन झाले. टिळकांवरील त्यांच्या संस्कृत महाकाव्याला १९७३ मध्ये मरणोत्तर साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ब्रह्मदेशाहून पायी आलेल्यांना शिधा मिळाला, पण बस्तान बसविण्याची योजना मिळाली नाही. धरणासाठी गाव सोडणारा बाभुळगावचा शेतकरी आणि सीमा ओलांडणारा निर्वासित यांचे कायद्याने वेगळे वर्ग असले, तरी नव्या जागी पुन्हा उभे राहण्याची दोघांची गरज एकच आहे.