डफ अब्राम्स : पाण्याचा हिशेब सांगणारा इंजिनिअर

अब्राम्सचा नियम सिव्हिलच्या प्रत्येक मुलाने पेपरात लिहिलेला असतो. पाठ केला, लिहिला, मार्क मिळाले, विषय संपला. पण हे अब्राम्स होते तरी कोण?

डफ अँड्र्यू अब्राम्स यांचा जन्म 1880 सालचा. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात प्रोफेसर टॅलबॉट यांच्या हाताखाली त्यांनी संशोधनाला सुरुवात केली. काँक्रीट सळईला किती घट्ट धरून ठेवतं, म्हणजे आपला बाँड, यावरचा त्यांचा अहवाल 1913 मध्ये निघाला. पुढच्या वर्षी ते शिकागोच्या लुईस इन्स्टिट्यूटमध्ये गेले आणि तिथल्या लॅबचे प्रमुख झाले.

त्या काळी काँक्रीट म्हणजे सिमेंट, वाळू, गिट्टी यांचं ठरलेलं प्रमाण. पाणी मात्र अंदाजाने! सिमेंट जास्त टाकलं की ताकद जास्त, असा सरळ समज होता. अब्राम्स यांनी तो तसाच मानला नाही. मिक्स बदलायचं, नमुने भरायचे, क्युरिंग करायचं, मशीनमध्ये फोडायचे आणि आकडा लिहायचा, असं वर्षानुवर्षं चाललं. सुमारे 50,000 चाचण्या झाल्या. आपण एका प्रॅक्टिकलला तीन क्यूब फोडून कंटाळतो!

1918 मध्ये त्यांनी निष्कर्ष छापला. काँक्रीट नीट कामात घेण्याजोगं असेल, तर त्याची ताकद मुख्यतः पाणी आणि सिमेंट यांच्या गुणोत्तरावर ठरते. पाणी वाढलं की ताकद उतरते. कारण सिमेंटला लागतं त्यापेक्षा जास्तीचं पाणी पुढे निघून जातं आणि मागे बारीक छिद्रं राहतात.

हिशेब करून बघा. 50 किलोच्या एका गोणीला 25 लिटर पाणी ठरलंय. साईटवर मिस्त्री म्हणतो माल घट्ट झालाय, आणि 10 लिटरची एक बादली वरून ओततो. गुणोत्तर 0.5 वरून 0.7 वर गेलं. अब्राम्स यांच्या मूळ सूत्रात हे आकडे टाकले, तर 28 दिवसांची ताकद जवळजवळ निम्म्यावर येते. एका बादलीने!

पण 28 दिवस थांबेपर्यंत स्लॅब तर पडून गेलेला असतो. म्हणून ओल्या मालाची त्याच वेळी परीक्षा घेणारी स्लम्प टेस्ट रूढ करण्यातही त्यांचा मोठा वाटा होता. वाळू-गिट्टीसाठी आपण काढतो तो फाइननेस मॉड्युलसही त्यांचाच.

सगळं श्रेय एकट्याचं नाही. फ्रान्सच्या फेरे यांनी 1890 च्या दशकातच या दिशेने काम केलं होतं. 1961 मध्ये गिल्की यांनी दाखवलं, की गिट्टीचाही ताकदीवर परिणाम होतो, नुसतं गुणोत्तर पुरत नाही. अब्राम्स 1965 मध्ये वारले. नियम मात्र अजून टिकून आहे.

नंदनवनमधल्या आपल्या लॅबमध्ये 150 मिलिमीटरचा क्यूब 450 किलोन्यूटनला फुटला, की 20 न्यूटन प्रति चौरस मिलिमीटरची ताकद आली असं आपण लिहितो. पण क्यूब फक्त त्याच्यात भरलेल्या मालाबद्दल सांगतो. क्यूबसाठी चांगला माल आणि स्लॅबसाठी पाणी ओतलेला, असं केलं तर मशीन काय करणार? उद्या साईटवर ती बादली अडवायला आपल्यालाच उभं राहायचंय. आणि त्याची सवय जर्नलमधले रीडिंग मित्राच्या वहीतून न उतरवण्यापासून लागते.