सी. डी. देशमुख: सर्व्हर नसलेल्या काळातला सिस्टीम आर्किटेक्ट

बिरवाडीच्या बाजारात क्यूआर कोड स्कॅन करून वडापावचे पैसे दिले, की काही सेकंदांत दुकानातला स्पीकर बोलतो. पण त्या काही सेकंदांत नक्की काय होतं, याचा कधी विचार केलाय का?

तुमच्या ॲपमधून निघालेला मेसेज एनपीसीआयच्या यूपीआय यंत्रणेकडे जातो. ती यंत्रणा तुमच्या बँकेला पैसे वजा करायला सांगते आणि दुकानदाराच्या बँकेला जमा करायला सांगते. दोन बँकांमधला हिशोब शेवटी मिटतो तो रिझर्व्ह बँकेतल्या त्यांच्या खात्यांवर. म्हणजे सगळ्या बँकांच्या वर एक अशी वही आहे, जिच्यावर सगळ्यांचा भरवसा आहे.

या रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आपल्याच महाड तालुक्यात जन्मले. महाडवरून रायगडाकडे जाताना लागणाऱ्या नाते गावी, १४ जानेवारी १८९६ रोजी. त्यांचं नाव चिंतामण द्वारकानाथ देशमुख, म्हणजेच सी. डी. देशमुख.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करूया. देशमुखांनी कॉम्प्युटर बनवला नाही की प्रोग्रॅमही लिहिला नाही. पण आज ज्याला आपण संस्थेचं आयटी आर्किटेक्चर म्हणतो, त्यातले मूळ प्रश्न त्यांना आयुष्यभर सोडवावे लागले. म्हणून त्यांच्या आयुष्यातून हा विषय समजून घेणं सोपं जातं.

आर्किटेक्चर आणि इन्फ्रास्ट्रक्चर म्हणजे काय?

घर बांधायचं उदाहरण घ्या. विटा, सिमेंट, पाइप, वायरिंग हे झालं इन्फ्रास्ट्रक्चर. कुठली खोली कुठे, दार कुठे, पाण्याची लाइन कुठून जाणार, हा आराखडा झाला आर्किटेक्चर.

संस्थेतही तसंच असतं. सर्व्हर, नेटवर्क, स्टोरेज, डेटा सेंटर, ऑफिसातले कॉम्प्युटर हे सगळं इन्फ्रास्ट्रक्चर. आणि कुठली नोंद कुठे ठेवायची, ती कोण बघणार, कोण बदलणार, बंद पडलं तर काम कसं चालू ठेवायचं, हे ठरवणं म्हणजे आर्किटेक्चर. पहिली गोष्ट पैसे दिले की विकत मिळते. दुसरी मात्र डोकं लावून ठरवावी लागते.

पहिला धडा: नोंद नीट, तर सगळं नीट

देशमुखांचे वडील वकील होते. लहानपणीचा बराच काळ रोह्यात गेला. १९१२ साली ते मॅट्रिकला पहिले आले आणि संस्कृतसाठीची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळवली. पुढे केंब्रिजला जाऊन त्यांनी वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र आणि भूगर्भशास्त्र शिकलं. १९१८ मध्ये लंडनला झालेल्या आयसीएस परीक्षेतही ते पहिले आले.

त्यानंतरची वीसेक वर्षं मध्य प्रांत आणि वऱ्हाडात सरकारी नोकरीत गेली. या काळात त्यांनी सेटलमेंट ऑफिसर म्हणूनही काम केलं. हे काम म्हणजे कुठली जमीन कुणाची, किती, कशी आणि तिच्यावर सारा किती, हे ठरवून नोंदवणं. सातबारा काढायला तलाठ्याकडे गेला असाल, तर अशा नोंदीची किंमत तुम्हाला माहीत आहे. नाव चुकलं की पिढ्यान् पिढ्या कोर्टाच्या फेऱ्या.

आजच्या भाषेत हा डेटाबेसचा प्रश्न आहे. रकाने कुठले, नोंद कोण घालणार, दुरुस्ती कोण करणार. सर्व्हर कितीही महागडा घ्या, आत चुकीची माहिती भरली तर तो तीच चूक जास्त वेगाने दाखवणार.

दुसरा धडा: वरची वही कुणाची?

जुलै १९३९ मध्ये देशमुख रिझर्व्ह बँकेत आले. तेव्हा ही बँक जेमतेम चार वर्षांची होती. ११ ऑगस्ट १९४३ रोजी ते गव्हर्नर झाले.

त्या काळात बँका बुडणं ही काही नवलाची गोष्ट नव्हती. १९३८ मध्ये दक्षिणेतली त्रावणकोर नॅशनल अँड क्विलॉन बँक बुडाली, तेव्हा हजारो सामान्य लोकांच्या ठेवी अडकल्या. प्रत्येक बँकेची वही तिच्याजवळ, आणि ती तपासायचा पुरेसा अधिकार कुणाकडेच नाही, अशी परिस्थिती.

देशमुख गव्हर्नर असतानाच १ जानेवारी १९४९ रोजी रिझर्व्ह बँक सरकारी मालकीची झाली. त्याच वर्षी बँकांसाठी स्वतंत्र कायदा आला आणि बँकांची तपासणी करण्याचा अधिकार रिझर्व्ह बँकेला मिळाला. याला आज आपण गव्हर्नन्स आणि ऑडिट म्हणतो. मोठ्या कंपनीत कुठल्या कर्मचाऱ्याला कुठली फाइल उघडता येईल हे ठरलेलं असतं आणि कुणी कधी काय बदललं याची लॉगमध्ये नोंद होते. मुद्दा तोच आहे. ज्याच्या हातात वही, त्याला तपासणारा कुणीतरी दुसरा हवा.

तिसरा धडा: चालू सिस्टीमची वाटणी

आता सगळ्यात अवघड भाग. १९४७ साली देश विभागला गेला. जमिनीवर रेषा आखता येते, पण चलन एकच आणि मध्यवर्ती बँकही एकच. ती एका रात्रीत कशी तोडणार? व्यवहार थांबले असते तर पगार, धान्य, व्यापार, सगळंच अडलं असतं.

म्हणून ठरलं असं, की काही काळ रिझर्व्ह बँक दोन्ही देशांचं काम बघेल. हा काळ आधी सप्टेंबर १९४८ पर्यंत ठरला होता. एप्रिल १९४८ पासून पाकिस्तानसाठीच्या नोटांवर त्या सरकारचं नाव छापलं जाऊ लागलं. त्यामुळे कुठली नोट कुठल्या बाजूची हे ओळखता येऊ लागलं. दोन देशांचे संबंध ताणले गेल्यावर मुदत अलीकडे आणली गेली. ३० जून १९४८ ला रिझर्व्ह बँकेचं तिथलं काम संपलं आणि १ जुलैला स्टेट बँक ऑफ पाकिस्तान सुरू झाली.

आज एखादी कंपनी जुनी सिस्टीम सोडून नवीन सिस्टीमवर जाते, त्याला मायग्रेशन म्हणतात. त्याच्या पायऱ्याही अशाच असतात. आधी जुनं आणि नवं काही दिवस सोबत चालवायचं, प्रत्येक नोंदीला ओळख द्यायची, बदलाची तारीख पक्की करायची आणि मगच जुनं बंद करायचं. घाईत हे टाळलं तर काय होतं? ग्राहकाच्या खात्यात शिल्लक शून्य दिसते आणि तो काउंटरवर येऊन भांडतो. त्याचं चुकतंय असं म्हणता येत नाही.

चौथा धडा: नेटवर्क शेवटच्या गावापर्यंत

१९५० मध्ये देशमुख केंद्रीय अर्थमंत्री झाले. १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत ते आपल्या कुलाबा मतदारसंघातूनच लोकसभेवर गेले. (आपला रायगड जिल्हा तेव्हा कुलाबा जिल्हा म्हणून ओळखला जायचा.)

त्यांच्या काळात १ जुलै १९५५ रोजी इम्पीरियल बँकेची स्टेट बँक ऑफ इंडिया झाली. कायद्यानेच तिला पाच वर्षांत ४०० नव्या शाखा उघडायचं बंधन घातलं. कारण बँका शहरात आणि शेतकरी सावकाराच्या दारात, असं चित्र होतं. मोबाइल टॉवरचंही असंच असतं. शहरात भरपूर, पण डोंगरापलीकडच्या वाडीत रेंज नाही, तर त्या वाडीसाठी नेटवर्क असून नसल्यासारखंच.

पाचवा धडा: डेटा गोळा करणं आणि त्यावर प्रक्रिया करणं

देशमुख १९४५ ते १९६४ या काळात कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटचे अध्यक्ष होते. ही प्रशांतचंद्र महालनोबिस यांची संस्था. १९५० मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाचं मोठं काम इथे झालं. प्रत्येक घरी न जाता, शास्त्रीय पद्धतीने निवडलेल्या घरांची माहिती घेऊन देशाचा अंदाज बांधायचा, अशी ती पद्धत.

इतकी आकडेमोड हाताने किती करणार? १९५५ मध्ये याच संस्थेत ब्रिटिश बनावटीचा एचईसी-२एम हा मशीन बसला. तो भारतातला पहिला डिजिटल कॉम्प्युटर मानला जातो. त्याच्या मेमरीत जेमतेम १,०२४ शब्द मावायचे आणि माहिती पंच कार्डांवरून आत जायची. तुमच्या हातातल्या स्वस्तातल्या फोनशीही त्याची तुलना होणार नाही. पण लक्षात घ्या, इथे आधी गरज ठरली, डेटा गोळा करायची पद्धत ठरली आणि मशीन नंतर आलं. आपल्याकडे अनेक ऑफिसांत उलटं होतं. आधी कॉम्प्युटर येतात, मग त्यांचं काय करायचं ते शोधतात.

पुढे काय झालं?

१९५६ मध्ये मुंबई महाराष्ट्राला न देता केंद्राच्या ताब्यात ठेवायचा निर्णय झाला, तेव्हा देशमुखांनी अर्थमंत्रिपद सोडलं. नंतर ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष आणि दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू झाले. १९५९ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार आणि १९७५ मध्ये पद्मविभूषण मिळाला. कालिदासाचं मेघदूतही त्यांनी मराठीत आणलं. २ ऑक्टोबर १९८२ रोजी त्यांचं निधन झालं. यूपीआय आलं ते त्यानंतर ३४ वर्षांनी, २०१६ मध्ये.

तुमच्या संस्थेसाठी पाच प्रश्न

तुम्ही गावच्या पतसंस्थेत, महाड एमआयडीसीतल्या कंपनीत किंवा कॉलेजच्या ऑफिसात कामाला लागाल, तेव्हा हे नक्की विचारा:

१. खरी नोंद कुठे आहे? एकाच ठिकाणी, की चार जणांच्या चार एक्सेल फाइलमध्ये?
२. ती कोण बदलू शकतं आणि बदल कोण तपासतं?
३. लाइट गेली, पूर आला, मशीन जळालं, तर दुसरी प्रत कुठे? महाडकरांना पुराबद्दल वेगळं सांगायला नको. बॅकअप त्याच इमारतीच्या तळमजल्यावर असेल तर तो बॅकअप नाही.
४. शेवटच्या माणसापर्यंत सेवा पोहोचते का?
५. उद्या सिस्टीम बदलायची झाली तर काम न थांबवता ती कशी बदलणार?

या पाचांची उत्तरं मिळाली, तर सर्व्हर कुठल्या कंपनीचा घ्यायचा हे ठरवणं सोपं आहे. उत्तरं नसतील, तर नवीन मशीन आणूनही लोकांचे पैसे आणि कागद धोक्यातच राहतात.